बाबांच्या नावाची पाटी

माझे बाबा मंगरूळपीरचे पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या मागच्या फळीवरची नावं, विहारातलं बोधिवृक्षाचं चित्र, सगळं त्यांच्या हातचं. मग फ्लेक्स आला. तासाभरात छापून मिळणारा आणि उन्हाळाभरात फाटणारा तो चकचकीत कपडा मला अजूनही डोळ्यांसमोर नको वाटतो. बाबा मात्र कधी चिडले नाहीत. चिडायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे होतं.

एकेक भिंत फ्लेक्सखाली जाऊ लागली तेव्हा आम्ही दोघं स्कूटीवर फिरून उरलेल्या पाट्यांचे फोटो काढले. इंझोरीपासून वाशीमच्या जुन्या बाजारापर्यंत फिरलो. बाबा मागे बसून सांगायचे, इथं डावीकडे घे, एक असंल. कधी असायची, कधी नुसता चुना. चुना दिसला की ते पुढे चल म्हणत आणि मी त्या दुकानदाराला मनातल्या मनात चार शब्द हासडत असे.

त्या फोटोंची वेबसाइट करायची हे माझं खूळ. मी वाशीमला एका कार्यालयात कारकून. मला कॉम्प्युटर येतो, म्हणजे टायपिंग येतं; वेबसाइटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. त्यातली पोरं हसतहसत सांगायची, अगदी सोपं आहे, आणि पुढच्याच वाक्याला माझी वाट लागायची. शेवटी बाबांना समजावता समजावता मलाच उमगलं. डोमेन म्हणजे पाटीवरचं नाव, होस्टिंग म्हणजे ती पाटी जिथे लिहायची ती भिंत. दोन्ही भाड्याची. भाडं थकलं तर नावही जातं आणि भिंतही.

"म्हंजे आपलं काहीच नाही," बाबा म्हणाले. "मंग बराबर हाये. भिंत कधी पेंटरची नसते."

नाव त्यांनीच ठरवलं. मी सुचवलेलं लांबलचक नाव त्यांनी एका फटक्यात खोडलं. नाव लहान पाहिजे, फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला कळलं पाहिजे, आणि मध्ये आडवी रेघ नको, कारण ती कोणी वाचत नाही. डॉट कॉम घ्यायचं की डॉट इन, यावर जेवण संपेपर्यंत वाद झाला आणि डॉट इन ठरलं. होस्टिंगच्या जाहिराती वाचून दाखवल्या तर ते हसले. पहिल्या वर्षी जवळपास फुकट आणि पुढे दर चढा, ही युक्ती त्यांना नवी नव्हती. नवा पेंटरही गावातली पहिली पाटी अशीच लिहून देतो. आम्ही फोनवर हिंदीत बोलणारी एक कंपनी निवडली. नाव आणि जागा दोन्ही तिथेच घेतली, म्हणजे एकाच लॉगिनमध्ये काम भागेल. तेव्हा ते फार सोयीचं वाटलं.

नोंदणी कुणाच्या नावावर करायची, एवढंच उरलं.

"तुह्या नावावर घे, माय. मले कुठं समजते त्यातलं," बाबा म्हणाले.

मी ऐकलं नाही. आमच्या घरात लाइटचं मीटर, गॅस, मोटारसायकल सगळं बाबांच्या नावावर. माझ्या पगारातून आलेला फ्रीजसुद्धा. बाप घरात बसलेला असताना पोरांनी आपल्या नावाने वस्तू घेणं आमच्याकडे बरं दिसत नाही. त्यात ही तर त्यांचीच पाटी. जन्मभर दुसऱ्यांची नावं लिहीत आलेल्या माणसाच्या नावावर एवढं तरी असू दे, असं मला मनापासून वाटत होतं. म्हणून मालक म्हणून त्यांचं नाव घातलं, ई-मेल त्यांच्या नावाने नवा उघडला, आणि सगळीकडे मोबाईल नंबर त्यांचाच दिला.

वेबसाइट सुरू झाली तेव्हा बाबांनी चहाच्या टपरीवर बसलेल्या प्रत्येकाला ती दाखवली. पुढे माझा फोन भरला तसे मी त्यातले फोटो काढून टाकले. इंटरनेटवर गेलेलं कधी पुसलं जात नाही, असं सगळेच म्हणतात ना. मीही तेच धरून चालले.

हिवाळ्यात बाबांच्या छातीत कळ आली. अकोल्याला नेताना वाटेतच ते गेले. नंतर त्यांचा फोन भावाने पुसून वहिनीला दिला. सिम डब्यात पडलं. मेलेल्या माणसाच्या नंबरावर रिचार्ज कोण मारतं?

कार्यालयात जेवणाच्या सुट्टीत मी वेबसाइट उघडून बघायची. एका दुपारी ती उघडलीच नाही. मुदत संपल्याचे सगळे निरोप बाबांच्या नंबरावर आणि बाबांच्या ई-मेलवर गेले होते, आणि ते दोन्ही आता कुणाचेच नव्हते; ई-मेलचा पासवर्डही त्या पुसलेल्या फोनबरोबरच गेला होता. पैसे भरायला लॉगिन हवं, लॉगिनला ओटीपी हवा, आणि ओटीपी त्याच नंबरावर जाणार. कंपनीला कळवलं तर "प्रिय ग्राहक" म्हणून उत्तर आलं. मृत्यूचा दाखला पाठवला, वारसाची कागदपत्रं पाठवली. अर्ज तपासणीत आहे, एवढंच कळत राहिलं. मुदतीचं घड्याळ मात्र कुणासाठी थांबलं नव्हतं.

शेवटी ओटीपी मागवला आणि बाबांच्याच नंबरावर फोन लावला. एका बाईने उचलला. नंबर तिला नव्या सिमबरोबर मिळाला होता. बोली आपल्याच भागातली. मी सगळं सांगितलं, वडील गेले, त्यांचं काम आहे, आत्ता आलेला आकडा तेवढा वाचून दाखवा.

"ओटीपी कोणालेच देत नसतात, ताई," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रागाच्या भरात बंद झालेल्या फोनवर मी तिला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. मग आठवलं, माझ्या आईला मी हेच वाक्य पढवलंय. पुन्हा लावला तर तिने उचलला नाही. काही आठवड्यांनी ते नाव दुसऱ्याच कुणीतरी घेतलं आणि जागेवरचे फोटोही कंपनीने पुसले. त्या दिवशी मी रडले, बाबा गेले तेव्हा रडले होते त्याहून जास्त. तेव्हा रडायला माणसं होती आजूबाजूला. या वेळी कुणाला काय सांगणार, वेबसाइट गेली म्हणून?

परवा त्याच नंबरावरून फोन आला.

"ताई, तुमचे वडील पेंटर होते का?" तिने विचारलं. "मले लोकायचे फोन येऊन राह्यले. भिंत लिवाची हाये, पेंटरसाहेबाले द्या, म्हनतात. मी राँग नंबर म्हनून ठेवून देते. काल आमच्या गावातल्या भिंतीवर खाली कोपऱ्यात पाह्यलं, तं पेंटरच्या नावाखाली हाच नंबर. त्याईले काय सांगू?"

मी म्हटलं, "सांगा, ते वारले."



"मंग तुमी खोटं नव्हत्या बोलत," ती म्हणाली. "मी भेली होती, ताई. तो ओटीपी अजून हाये मोबाईलात. सांगू का?"

ओटीपीचं आयुष्य काही मिनिटांचं असतं, हे तिला माहीत नव्हतं. मी म्हटलं, सांगा. तिने एकेक आकडा सावकाश वाचला, मी तो लिहून घेतला.

"झालं का काम?"

"झालं," मी म्हटलं.