रिकाम्या फेरीतला माणूस

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की पुरावा मागणारा मीच असतो. स्क्रीनशॉट दाखव, नाहीतर गप बैस... असा माझा खाक्या. आता पुरावा माझ्याकडेच आहे.

गेल्या फेब्रुवारीत आपल्या छत्रपती संभाजीनगरात, जालना रोडवरच्या एका कॉलेजात, मराठी ब्लॉगर आणि ओपन सोर्सवाल्यांचं दोन दिवसांचं संमेलन होतं. पहिल्या दिवशी जेवणानंतर की-सायनिंग ठेवलं होतं. ही आमच्यातली जुनी पद्धत. ऑनलाइन ओळख पटवायला प्रत्येकाची एक डिजिटल चावी असते आणि तिचा चाळीस अक्षरांचा ठसा असतो. दोन रांगा समोरासमोर उभ्या करायच्या. समोरच्यानं ठसा वाचायचा, आपण त्याचं ओळखपत्र बघायचं, मग एक पाऊल सरकून पुढचा माणूस. घरी जाऊन त्या चावीवर सही करायची. सही म्हणजे साक्ष — हा माणूस मी प्रत्यक्ष पाहिला. याबाबतीत मी एवढा खडूस की ओळखपत्र विसरलेल्या सख्ख्या मेव्हण्यालाही परत पाठवलंय.

आम्ही तेवीस जण होतो. विषम आकडा, त्यामुळं प्रत्येक फेरीत एकासमोर कुणीच नसायचं. माझी रिकामी फेरी आली तेव्हा मी रांगेच्या टोकाला होतो. कागदातून मान वर केली, तर समोर पांढऱ्या शर्टातला एक जण.

"वळखलं का? प्रमोद. सोयगाव."

प्रमोद आणि मी सहा वर्षं मिळून मराठी स्पेलचेकर चालवला. रोज चॅट, पण भेट एकदाही नाही. संमेलनाआधीचे काही महिने तर त्याचा पत्ताच नव्हता, आणि त्याचा मला रागही आला होता.

"कुठं मेला होतास रे इतके दिवस?" मी म्हणालो.

तो हसला नाही. "आधी लिहून घे," म्हणाला आणि ठसा सांगायला लागला. हातात कागद नाही, मोबाइल नाही. चार-चार अक्षरं, एका सुरात. आमच्यातलं कुणीही आपला ठसा पाठ करत नाही. तरी मी लिहीत राहिलो. ओळखपत्र मागायचं सुचलंच नाही.

"घरी फोन लागंना," तो म्हणाला. "बायकोनं नंबर बदलला वाटतं. तुला घावला तर सांगशील?"

"सांगतो की."

शिट्टी वाजली, रांग सरकली, समोर नाशिकच्या एक बाई आल्या. वळून पाहिलं तर तो नव्हता.

चहाच्या वेळी आयोजक वैशाली म्हणाली, "भिंतीशी काय बोलत होतास रे? रिकाम्या फेरीत पण चैन नाय का तुला?" मला वाटलं, चेष्टा करतेय. संध्याकाळी घरी तो ठसा प्रमोदनं पूर्वी सर्व्हरवर ठेवलेल्या चावीशी ताडून पाहिला. चाळीसच्या चाळीस अक्षरं जुळली. सही केली आणि पद्धतीप्रमाणं प्रमोदच्या पत्त्यावर मेल टाकला — आज आपण प्रत्यक्ष भेटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या गेटपाशी पोहोचलो आणि फोन आला.

"मी सोयगावहून बोलते, प्रमोद यांची मिसेस. त्यांचे मेल आता मीच बघते, तुमच्या मेलखाली नंबर होता." मग म्हणाली, "तुम्ही भेटलो म्हणून लिहिलंय... ते जाऊन पाच महिने झाले, दादा. हार्ट अटॅक आला होता."

मी तिथंच कट्ट्यावर बसलो.

"काही म्हणले का ते?"

इथं मी खोटं बोलायला पाहिजे होतं. नाही सुचलं. "घरी फोन लागत नाही म्हणाला."

ती रडली नाही. एकदम हळू आवाजात म्हणाली, "व्हय. तो नंबर मीच बंद केला. ते गेल्यावर रोज दुपारी दोनला वाजायचा. मी उचलला की काहीच आवाज नाय. पण आमची पाच वर्षांची लेक उचलायची अन् बोलत बसायची. एक दिवस म्हणली, पप्पा मला न्यायला येणारेत." मग म्हणाली, "हा नवा नंबर कुणालाच देऊ नका. तुमच्या पाया पडते."

मी शब्द दिला.

वैशालीनं त्या फेरीचा व्हिडिओ काढला होता. त्यात मी मान खाली घालून लिहितोय, मध्येच "हं, पुढं" म्हणतोय. समोर नुसती भिंत आहे. लोक म्हणतात भास झाला असेल. असेलही, पण चाळीस अक्षरं माझ्या डोक्यात कुठून आली? ती चावी मी त्याआधी कधी उघडूनही पाहिली नव्हती. मला याचं उत्तर सापडलेलं नाही आणि आता शोधायची हिंमतही नाही.

प्रमोदच्या घरचा तो नवा नंबर मी तेव्हाच डिलीट केला. पण तो डोक्यातून जात नाही.

परवा रविवारी जेवून जरा आडवा झालो होतो. बायकोनं गदागदा हलवून उठवलं. तिचा चेहरा उतरला होता.

"झोपेत कुणाला नंबर सांगत होता हो तुम्ही?" ती म्हणाली. "एकेक आकडा सावकाश, कुणी लिहून घेत असल्यासारखं. सात आकडे सांगून झाले होते."

घड्याळात दोन वाजून गेले होते.