नटावरचा शेंदूर

मी मूळचा संशयी माणूस. फुशारकी म्हणून सांगत नाही आणि लाजही वाटत नाही. आहे ते आहे. बायको मालवणकडची, ती शेजारणींना सांगायची, "माझो घोव देवाकडेसुद्धा पावती मागतलो." तर असा मी, फणसवाडीतल्या एका डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. राहायला काळाचौकीला, चाळीत. संयुक्त महाराष्ट्राचा जोर होता तेव्हाची ही गोष्ट. मोकळी भिंत दिसली की रातोरात तिच्यावर 'झालाच पाहिजे' लिहिलेलं असायचं.

माझ्या आधीच्या ड्रायव्हरला डॉक्टरांनी काढलं ते तेलापायी. इंजिनातलं तेल दर दोन-अडीच महिन्यांनी बदलावं लागतं. तो बापडा गाडी गॅरेजात सोडायचा आणि 'बदललं' म्हणून सांगतील ते खरं मानून परत यायचा. वर्षभरात इंजिन बसलं, आणि बाळंतिणीकडे निघालेले डॉक्टर भर रस्त्यात अडकले. मला ठेवून घेताना त्यांनी एवढंच सांगितलं की गॅरेज तू शोध, पण भरवशाचं शोध.

आता भरवसा ओळखायचा कसा? समोर उभं राहिलं की सगळेच साधू. परीक्षा घ्यायची तर पाठ फिरवायला हवी. इंजिनाच्या तळाशी तेलाचं भांडं असतं, मिस्त्री लोक त्याला चेंबर म्हणतात. चेंबरच्या खाली एक नट. तो फिरवल्याशिवाय जुनं तेल बाहेर येणं शक्यच नाही. मी काय करायचो, गॅरेजच्या अलीकडे गल्लीत गाडी उभी करायची, बारदान टाकून खाली शिरायचं, आणि नट नि चेंबर यांच्या सांध्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचा टिपका लावायचा. नट फिरला की टिपका फुटणार. शेंदूर देव्हाऱ्यातला. रंग लावला असता तर कुणी विचारलं असतं, शेंदराला कोण काय विचारणार? मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

पहिलं गॅरेज गिरगावातलं, पाटी मोठी, मालक टाय लावणारा. परत आलो तर टिपका जसाच्या तसा आणि तेल मोजायची पट्टी काढून बघितली तर तेल काळंकुट्ट. दुसरं परळचं. तिथे टिपका फुटलेला होता, पण तेल बोटांत चोळलं तर कचकच लागली. काढलेलंच गाळून परत भरलं होतं. दोन्हीकडे मी तोंडाचा असा पट्टा सोडला की आजूबाजूची माणसं काम टाकून ऐकायला आली.

मग एका लॉरीवाल्याने घोडपदेवचा मिस्त्री सांगितला. जुन्या तबेल्याचा अर्धा भाग घेऊन त्याने नुकतंच दुकान थाटलं होतं. घोडे कधीच गेले होते, पण भिंतीतल्या लोखंडी कड्या तशाच होत्या आणि छातीच्या उंचीवर गिलावा अंगं घासून घासून गुळगुळीत झालेला होता. आत पाऊल टाकलं की रस्त्यावरचा आवाज एकदम तुटायचा. भर उन्हात मला घोड्यांचा वास आला. मी नाक शिंकरलं, तरी येतच राहिला. खरं सांगायचं तर तिथलं मला पहिल्यापासूनच काही बरं वाटलं नव्हतं.

मिस्त्री पस्तिशीचा, उंच, हळू बोलणारा. भिंतीवर बुद्धाची नवीकोरी तसबीर होती, त्यावरून मी ओळखायचं ते ओळखलं. त्यांचं धर्मांतर होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. त्याने चहा मागवला. आत्ताच झाला, असं मी म्हणालो. झाला नव्हता. त्यालाही ते कळलं असावं, कारण त्याने आग्रह केला नाही. बोलता बोलता त्याने सांगितलं की मिलची नोकरी सोडून तो इथे बसलाय. जागेच्या मालकाने दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय. तोवर चार कायमची गिऱ्हाइकं झाली तर दुकान राहील, नाहीतर पुन्हा साच्यावर उभं राहायचं.

"तुम्ही ड्रायव्हर लोक एकमेकांत बोलता," तो म्हणाला. "काम चांगलं वाटलं तर त्यांना सांगा. वाईट वाटलं तर मला सांगा."

मी गाडी सोडून गेलो, दोन तासांनी आलो. वळणापलीकडे जाऊन पट्टी काढली. तेल मधासारखं, आरपार. म्हटलं, चला, सापडला बाबा एक! मग उगाच, सवयीने, खाली वाकून बघितलं.

टिपका शाबूत होता.

मी बारदान टाकून नीट खाली शिरलो. नटावर आणि चेंबरवर मिळून शेंदूर, मधे साधी चीरसुद्धा नाही. वाटलं, सगळं चेंबरच उतरवलं असेल. तर त्याच्या बोल्टांवर महिनोन्‌महिन्यांचा चिकटा तसाच बसलेला, कुणाचं बोटही लागलेलं नाही. नट उघडल्याशिवाय तेल निघत नाही. आणि नट उघडला नव्हता. मग आतलं काळं तेल गेलं कुठे? भर दुपारी, डांबर तापलेलं असताना, माझे हातपाय गार पडले.

विचारणार तरी कसं? तुझ्यावर संशय घेऊन खूण केली होती, हे कबूल करावं लागलं असतं. मी गाडी सुरू करून निघालो. त्यातून गाडी अशी चालायला लागली की काय सांगू. हवालदाराने हात केल्यावर थांबलो की इंजिन चालू आहे की बंद पडलं, तेच कळायचं नाही. मी खाली उतरून बॉनेटवर हात ठेवून थरथर बघायचो. डॉक्टर खूश होते. मला मात्र त्या शांततेची भीती वाटायला लागली होती.

दुसऱ्या खेपेपर्यंत बायकोला दिवस गेले होते. आधीची दोन मुलं आमच्या हाती लागली नव्हती, त्यामुळे या वेळी चाळीत कुणाच्या कानावरही आम्ही घातलं नव्हतं. मी घोडपदेवला निघालो तेव्हा घरातूनच एक तांदळाचा दाणा घेतला, त्याचं टोक दातांनी मोडलं, आणि शेंदराच्या टिपक्यात असा रोवला की मोडकं टोक डाव्या चाकाकडे येईल. म्हटलं, आता कर काय करायचं ते.

परत आलो तेव्हा मिस्त्री चिंधीला हात पुसत दारातच उभा होता. मग आवाज आणखी खाली आणून त्याने विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

मी हो म्हणालो.

"होईल," तो म्हणाला. "तुमच्या मनासारखं होईल."

याला कुणी सांगितलं? माझ्या सख्ख्या भावाला माहीत नव्हतं. त्या दिवशी गाडीखाली बघायची मला हिंमतच झाली नाही. तशीच नेऊन उभी केली.

दुसऱ्या दिवशी हरताळ होता. गाड्या बंद, पण डॉक्टर म्हणून आम्हाला सोडत होते. काळाचौकीला एका आजाऱ्याकडे डॉक्टर वर गेले आणि मी खाली गाडीपाशी राहिलो. ऐन दुपार. मिलचे भोंगे नाहीत, साच्यांची घरघर नाही, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. गिरणगावात राहणाऱ्या माणसाला ती घरघर ऐकू येते हे ती थांबल्यावरच कळतं. गॅलऱ्यांतून माणसं उभी होती, पण कुणी बोलत नव्हतं. मी एकदाचा खाली शिरलो.

दाणा होता. तोच. मोडकं टोक, डाव्या चाकाकडे तोंड. आणि पट्टीवरचं तेल मधासारखं.

मी घाबरलो, अगदी पोरासारखा घाबरलो. घरी आल्यावर बायकोला सगळं सांगून टाकलं, गप्प बसायची अक्कल मला नव्हती. ती पांढरीफटक पडली. मीठमोहऱ्या ओवाळल्या, आणि मला म्हणाली, त्या गाडीखाली घातलेला हात माझ्या पोटाला लावू नका. तिथून पुढे बाळ होईपर्यंत मी तिच्यापासून लांब, भिंतीकडे तोंड करून झोपलो.

दवाखान्याच्या कोपऱ्यावर आम्हा ड्रायव्हरांचा अड्डा जमायचा. तिथे मी बोललो. नट न उघडता तेल बदलतो म्हणालो. घरातल्या गुप्त गोष्टी त्याला कळतात म्हणालो. आधी सगळे हसले, मग हसायचे थांबले. एकजण म्हणाला, त्या लोकांत असलं असतंच, मसणातल्या विद्या त्यांना पिढीजात येतात. मी त्या माणसाचं दुकान बघितलं होतं, तसबीर बघितली होती, त्याचं काम तर रोज माझ्या पायाखाली चालत होतं. बोलायला पाहिजे होतं. उलट मीच पुढे जोडलं की तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरला की त्याची सावली पडत नाही. असलं काही मी बघितलं नव्हतं. पण सगळे ऐकत होते, आणि जिभेला हाड नसतं. आठवडाभरात तेच मला लालबागच्या एका टॅक्सीवाल्याने शपथेवर सांगितलं, जणू त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिसऱ्या वेळी मी दादरला गेलो आणि खड्ड्याच्या काठावर उभं राहून तेल बदलून घेतलं. टिपका-बिपका काही नाही. नोकरी शाबूत राहिली. दिवाळीनंतर एकदा डॉक्टरांना घेऊन घोडपदेववरून जाताना बघितलं, तर तबेल्यात कोळशाची वखार झालेली. मला वाईट वाटलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्याच महिन्यात आम्हाला मुलगी झाली, रडका, खणखणीत आवाज, आणि मी सगळं विसरून गेलो.

ती बसायला लागली होती तेव्हाची गोष्ट. दुपारी मी रिकामी गाडी घेऊन डॉक्टरांना आणायला चाललो होतो. लालबागला मिलची पाळी सुटलेली, रस्ता माणसांनी भरलेला, गाडी पावला-पावलाने पुढे जात होती. तेवढ्यात खिडकीवर बोटं वाजली. केसांत कापसाची कुसं, अंगाने निम्मा झालेला, पण तोच. मी काच खाली केली.

त्याने ओळख विचारली, नमस्कार केला, गाडी कशी चाललीय ते विचारलं. इंजिनाचा आवाज क्षणभर कान देऊन ऐकला. मग म्हणाला, "एक विचारायचं राहून गेलं होतं. तेव्हा विचारता येईना, नवस बोलून दाखवायचा नसतो म्हणतात. पुरा झाला का?"

मी विचारलं, कसला नवस?

त्याने सांगितलं ते एखादा कामगार आपलं काम सांगतो तसं सांगितलं. पहिल्या दिवशी खड्ड्यात उतरल्यावर त्याला नटावर शेंदूर दिसला आणि पान्हा हातातच राहिला. त्याने स्वतः तर शपथ घेतली होती, हे देव मानणार नाही म्हणून. घरातले देवांचे टाक त्याने आपल्या हाताने समुद्रात सोडले होते. पण गिऱ्हाइकाने काहीतरी बोलून, मनात धरून लावलेलं असणार, ते मोडून कसं परत द्यायचं? त्याने शेंदूर कागदावर खरवडून घेतला, नट उघडला, तेल काढलं, नवं भरलं, नट घट्ट केला, रॉकेलने पुसला. आणि होता तिथेच तसाच टिपका परत लावायला कागदावरचा शेंदूर पुरेना म्हणून मारुतीच्या देवळाबाहेर जाऊन पुडी आणली, घरी कळू न देता. दुसऱ्या वेळी दाणा टाचणीने उचलून काड्यापेटीत ठेवला. तोंड कुठल्या चाकाकडे होतं ते खडूने लिहून ठेवलं. टोक मोडलेलं बघून त्याला वाटलं, आपल्याच हातून मोडलं. या वेळी शेंदराबरोबर अक्षतही लावलीय म्हणजे माणूस अडचणीत आहे, म्हणून तेवढं घरचं विचारलं.

"त्यानंतर तुम्ही आला नाहीत," तो म्हणाला. "दुकान काय, गेलं ते गेलं. पण मनात राहिलं, की माझ्या हातून काही कमी-जास्त झालं आणि तुमचं काम फसलं, म्हणून माणूस फिरकला नाही."

गर्दीतून लोक गाडीला घासून जात होते.

"झाला," मी म्हणालो. "मुलगी झाली."

त्याचा सबंध चेहरा हसला. खिडकीतून हात आत घालून त्याने माझा हात धरला, दोन्ही हातांनी.

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं."

"नाही," मी म्हणालो.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. त्याने हात सोडला, बाजूला झाला, आणि मी गाडी पुढे काढली.