झुंबरबाईचा कुर्डू

बाहत्तर सालच्या चैत्रात पाझर तलावाच्या कामावर माझ्या पायाच्या अंगठ्यावर धोंडा पडला. त्या धोंड्याचे उपकार मी अजून मानतो. अंगठा वाचला, नख तेवढं गेलं. पण पाटी डोक्यावर घेऊन बांध चढणं जमेना, म्हणून मुकादमाने मला बायकांच्या टोळीत पाणी पाजायला लावलं. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, टेकडीच्या पोटाशी वसलेलं. पाऊस दोन सालांपासून रुसलेला. आसपासच्या पाच गावांच्या टोळ्या त्या एका तलावावर माती वाहत होत्या. अठ्ठावीस वर्षांचा गडी तांब्या घेऊन बायकांत हिंडतोय म्हटल्यावर काय होणार!

"बायकांत पुरुष लांबोडा," आमच्याच गावची रंगुबाई पहिल्या दिवशी म्हणाली. "आसाराम, पानी पाजून झालं की आमच्या वेन्या बी घालून दे."

सगळ्या हसल्या. हसली नाही ती एकटी झुंबरबाई. ती आमच्या टोळीची म्होरकी. साठीला आलेली, काटकुळी, पायात वहाण नाही. दोन्ही मुलगे उसाच्या कामाला कोपरगावाकडे गेले ते तिकडेच राहिले. ही घरात एकटी. बसली की "आई गं", उठली की "आई गं". मी एकदा म्हणालो, "आक्का, तू झोपेत तरी दमायची थांबतेस का?"

"झोपेत तर लई दमते रे," ती म्हणाली. "सपनात बी मातीच वाहते. तिथं मुकादम सुट्टी बी करत न्हाई."

दुपारच्या सुट्टीत सगळ्यांच्या फडक्यात एकच जिन्नस निघे, रेशनवरच्या लाल मिलोची, अमेरिकन ज्वारीची, भाकरी. गरम असली तर खाता येई, गार झाली की वहाणेचा तळवा. त्यात तोंडी लावायला कोरड्यास नाही. मग झुंबरबाई उठायची, "आई गं" म्हणायची आणि पाला शोधायला निघायची. मी तांब्या घेऊन तिच्या मागे. माणसं झाडाखाली आडवी व्हायची तेव्हा आम्ही दोघं उन्हात. पण त्या वर्षभरात मी जे शिकलो ते शाळेतल्या सात इयत्तांत शिकलो नव्हतो.

चैत्रात चिंचेचा चिगूर. तो काढायचा तर झाडाच्या एकाच अंगाचा. दुसरं अंग पुढच्या खेपेला. आषाढात चार शिंतोडे पडले आणि तलावामागच्या उतारावर भाजीचा कुर्डू वर आला. तो उपटायचा नाही. नखाने वरची चार पानं खुडायची, म्हणजे खालून पुन्हा फुटतो. श्रावणात कडवंची. कडवंचीची फळं शेंगदाण्याएवढी, एकेक तोडता तोडता पाठ मोडते. मी आळस केला आणि वेलच धरून ओढला. खालचा कंद मातीसकट वर आला.

"मानगुटीला धरून उचलतोस व्हय?" झुंबरबाई ओरडली. "मांजर हाय का ते? पूर आधी!"

पुरला. वर तिने माझ्या तांब्यातलं पाणी ओतायला लावलं. बायका तहानेल्या बसल्या होत्या, आणि मी कंदाला पाणी पाजत होतो! रंगुबाईला पुढचे आठ दिवस चेष्टेला तेवढं पुरलं.

झुंबरबाईचे नियम थोडेच होते. पहिलं रोप दिसेल त्याला हात लावायचा नाही. जे असेल त्यातलं निम्मं घ्यायचं, निम्मं मागून येणाऱ्याला ठेवायचं. आणि पोळा झाला की कुर्डू सोडून द्यायचा, त्याला तुरे येऊ द्यायचे, बी धरू द्यायचं. पाचही गावांच्या म्हाताऱ्यांना हे नियम ठाऊक होते. जिच्या तिच्या सासूने शिकवलेले.

त्या साली पोळ्याला बैलच कमी होते, निम्मे छावणीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झुंबरबाई मला घेऊन उतारावर गेली. दर साली तिथे गुडघाभर कुर्डू हलत असायचा. त्या दिवशी आम्ही उतार आडवा-उभा पालथा घातला आणि मोजून एक्केचाळीस रोपं सापडली. तीही खुडून खुडून खुरटलेली.

ती मटकन खाली बसली. "आई गं"सुद्धा म्हणाली नाही.

"पुढल्या साली येईल की," मी म्हणालो.

"कशातनं येईल?" ती म्हणाली. "मी सात-आठ वर्सांची असन. असाच दुकाळ पडल्ता. लोकांनी कुर्डू मुळासकट उपटून नेला. मंग एका साली पाऊस आला, चांगला आला. पन पाऊस आला म्हंजी भाकर येत न्हाई, आसाराम. बाजरी काढनीला यायला तीन-चार महिनं लागत्यात. तवर पोटाला आधार ह्या कुर्डूचाच. आन् तो उगवलाच न्हाई. बाहेर पाऊस पडतोय, शेत हिरवं हाय, आन् आमच्या घरातली दोन मानसं त्याच पावसाळ्यात गेली."

दुसऱ्या दिवशी सुट्टीत तिने पाचही टोळ्यांच्या म्होरक्या बांधावर बोलावल्या. पलीकडच्या गावची म्होरकी सकीना. अंगाने थोराड, आवाज तलावाच्या पार जाणारा. झुंबरबाईने तिलाच धरलं.

"सकीना, तुमच्या बायांनी उतार ओरबाडला."

"खुदाची आन, आक्का! आमी निम्मं ठेवलं. मी सोता उभी हुते."

"आमी बी निम्मंच ठेवलं," तिसरी म्हणाली. चौथी, पाचवीही तेच म्हणाली. आवाज चढले. कोणी कोणाच्या सासूचा उद्धार केला. झुंबरबाईने हात वर केला. मग म्हणाली,

"थांबा गं. समद्या खरं बोलताय. एकीनं निम्मं ठेवलं, दुसरीनं त्याचं निम्मं नेलं, तिसरीनं त्याचं निम्मं. कुनीच पाप केलं न्हाई, आन् उतार संपला. नियम एका गावाचा हुता. पाच गावांना पुरला न्हाई."

सकीना डोक्यावरचा पदर सारखा करत राहिली.

"मंग आता काय कोरडीच भाकर गिळायची?" भोवती जमलेल्यांतून रंगुबाई म्हणाली. "बी धरंस्तवर आमीच मातीत जाऊ."

ठरलं ते असं. उताराकडे कोणी फिरकायचं नाही. सुट्टीच्या वारी दर टोळीतल्या दोन-दोन बायकांनी मिळून दोन कोसांवरच्या ओढ्यात जायचं. तिथे ओलीला घोळीची भाजी होती, काठाला शेवगे होते. पाच गावांच्या बायकांनी एकमेकींसमोर खुडायचं, किती ठेवलं ते सगळ्यांनी बघायचं, आणि आणलेल्याचे बांधावर पाच वाटे करायचे. सहा दिवस माती वाहून सातव्या दिवशी चार कोसांची पायपीट! जाताना पाय ओढावे लागत. येताना तर श्वासही मोजून घ्यावा लागे. पाणक्या म्हणून मी प्रत्येक खेपेला होतोच. पहिल्यांदा त्या बायका आपापल्या गावच्या घोळक्याने चालल्या. तिसऱ्या खेपेला कोण कुठली ते ओळखू येईना. सगळ्या सारख्याच वाकलेल्या.

आणि एवढं सगळं ठरलेलं असताना मी शेण खाल्लं.

मनकर्णा, माझी बायको, आठ दिवस तापाने पडली होती. मिलो तिच्या घशाखाली उतरेना. "कुर्डूची भाजी असती तर दोन घास गेले असते," एवढंच ती म्हणाली. दुपारी मी तांब्या घेऊन उतारावर गेलो आणि तुरे धरू लागलेल्या रोपांची पानं मूठभर खुडून धोतराच्या सोग्यात घेतली. खाली आलो तर झुंबरबाई पाणी मागायला उभी. तिने तांब्या घेतला नाही. माझे हात बघितले.

"नखं हिरवी दिसत्यात," ती म्हणाली.

मी सोगा सोडून दाखवला.

"किती झाडांची?"

"तीन."

"कुनासाठी?"

सांगितलं. तिने डोळे मिटून घेतले. वाटलं, आता चांगलं झापेल. पण तिच्यात तेवढीही ताकद नव्हती बहुतेक.

"निम्मी मनकर्णेला ने," ती म्हणाली. "निम्मी पाची टोळ्यांत वाट. काय केलंस ते सांगून वाट."

चिमूट चिमूट पाला घेऊन मी पाच टोळ्यांपुढे उभा राहिलो. नवरदेवाच्या वरातीला एवढी माणसं जमत नाहीत. आमच्या टोळीत रंगुबाई म्हणाली, "वेनी घालायला लावलं असतं तर बरं झालं असतं, हात गुंतून राह्यलं असतं." सकीनाने एक पान उचलून तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं.

"आसाराम, चोरी करायची तर पाटीभर करावी. मुठीसाठी इज्जत घालवलीस." मग आवाज खाली आणून विचारलं, "ताप उतरला का तिचा?"

दुसऱ्या दिवशी तिने मनकर्णेसाठी फडक्यात बांधून लसणाची चटणी पाठवली. उताराला मात्र त्यानंतर कोणाचा हात लागला नाही. माझी झाली ती शोभा आपली व्हावी असं कोणालाच वाटत नव्हतं.

माणसं थांबली, शेरडं कशी थांबतील? कार्तिकात आम्ही वर गेलो तेव्हा निम्मी रोपं शेरडांनी फस्त केली होती, काही उन्हाने करपली होती. अकरा रोपांच्या तुऱ्यांत बी होतं, काळंभोर, बारीक. झुंबरबाईने तुरे तळहातावर चोळले, फुंकर घालून कोंडा उडवला आणि बी जागच्या जागी सोडून दिलं. घरी एक दाणा नेला नाही.

हिवाळा गेला. उन्हाळा तर असा गेला की त्याची आठवण नको. मिलोबरोबर सरकारी सुकडी, भाजलेल्या पिठाचा गोड चुरा, मिळू लागली. झुंबरबाईचे गुडघे सुजले. मुकादमाने तिला माती दाबायच्या कामाला बसवलं. ती बसल्या बसल्या पेंगायची.

त्र्याहत्तरला पाऊस लागला. पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "चल, आसाराम." सकीनाही निघाली. अर्ध्या उतारावर झुंबरबाईचे पाय अडले. ती एका धोंड्याला टेकून बसली.

"तुमीच जावा. हात पाठीमागं बांधून जावा, आन् बघून या."

आम्ही दोघं खरंच हात मागे बांधून वर गेलो. धोंड्यांच्या आडोशाने, पाणी मुरलं होतं तिथे तिथे, बोटभर उंचीचा कुर्डू होता. दाट नव्हता. एका पाटीचाही झाला नसता. पण उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होता.

खाली येऊन सांगितलं.

"खुडायचा का गं, आक्का?" सकीनाने विचारलं.

"औंदा न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "औंदा त्यालाच पोट भरू दे. आपुन वड्यालाच जाऊ."

सकीना माझ्याकडे बघून हसली. ओढ्याचे चार कोस आमच्या दोघांच्याही पायांना आठवले असणार. झुंबरबाई तिथेच ओल्या मातीवर आडवी झाली. पदर तोंडावर घेतला आणि दुपार कलेपर्यंत झोपली. आम्ही खाली बांधावर परतलो. मुकादम हाजरी घेत आला, तेव्हा सकीना त्याला म्हणाली, "ती वर कामावर हाय."