घरची ज्वारी

आमच्या घरात ज्वारीचे दोन प्रकार आहेत. पाव्हण्यांची आणि घरची. वसतिगृहात हे बोलता बोलता निघालं, तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "मजा आहे बाई तुझी, घरची ज्वारी!" मी तिची चूक दुरुस्त केली नाही. घरचं तूप, घरचा गूळ म्हटलं की माणूस चांगलंच समजतो. आमच्याकडे ज्वारीपुरता हा शब्द उलटा आहे.

पाव्हण्यांची म्हणजे रब्बीची पांढरी, टपोरी शाळू. ती पुढच्या खोलीत पत्र्याच्या कोठीत असते. पाव्हण्यांना, सणावाराला, आणि रोज अण्णांच्या व भाऊच्या ताटात ती. अण्णा म्हणजे माझे वडील. घरची म्हणजे खरिपाची हायब्रीड, परतीच्या पावसात कणसातच काळी पडलेली. ती मागच्या खोलीत ओलसर भिंतीला टेकून पोत्यांत असते. माय, वहिनी आणि मी ती खातो. म्हशीलाही तीच भरडून घालतात. हे कुणी ठरवलं, मला सांगता येणार नाही. भाकरी थापताना मायचा हात आपोआप दोन डब्यांत जातो.

मी परभणीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सर जे सांगतात ते मला लगेच खरं वाटतं आणि तेच घरी सांगायची भीती वाटते. यंदा सरांनी साठवणीच्या धान्यावरची बुरशी शिकवली. उदाहरण आफ्रिकेतलं होतं. तिथं लोक मका घरात साठवतात, ओल लागते, बुरशी धरते. तिनं सोडलेलं विष बुरशी झटकली तरी दाण्यात राहतं. धुऊन, वाळवून, भाजूनही ते पुरतं जात नाही. सावकाश लिव्हर खराब करतं, लहान मुलांची वाढ खुंटवू शकतं. मी आफ्रिका मन लावून ऐकत होते. मग सरांनी बुरशी आलेल्या मक्याची झाकलेली बशी बाकांवरून फिरवली. नाकाशी नेऊ नका म्हणाले होते, पण झाकण हललं आणि वास आलाच. तो आमच्या मागच्या खोलीचा वास होता.

दिवाळीच्या सुट्टीत गावच्या स्टेशनात, पिंगळीला, गाडीतून उतरून घरी पोचले तेव्हा माय अंगणात टबात ज्वारी धूत होती. पोत्यात गठ्ठे झालेली मागच्या वर्षीची. ती दाणे तळव्यांत घासायची, पाणी शाईसारखं व्हायचं, ती ओतून नवं घ्यायची.

"बघ, कशी उजळली," ती म्हणाली. "आता ऊन दाखवलं की झालं."

लहानपणापासून मीही तिच्या शेजारी बसून अशीच चोळत आले. एवढी मेहनत आम्ही कशासाठी करत होतो? वाईट दाणा चांगला दिसावा म्हणून.

वहिनीची पोरगी तेव्हा आठ महिन्यांची होती. बाळसं धरत नव्हती. मायनं मीठमिरची ओवाळून दृष्ट काढली होती. उष्टावणापासून माय तिला ज्वारीच्या मऊ कण्या भरवत होती. घरच्या ज्वारीच्या. पोर ज्वारीमुळेच रोड राहिली असं मी म्हणू शकत नाही. मी डॉक्टर नाही. पण ती वाटी मला बघवेना.

संध्याकाळी अण्णा आणि भाऊ जेवत असताना मी धीर केला. "अण्णा, काळी ज्वारी खाऊ नये. तिच्यात विष असू शकतं. धुऊन जात न्हाई ते."

अण्णा हसले. "आमी एवढी वर्सं खाऊन मेलाव का?"

तुम्ही खाताच कुठं, हे ओठांवर आलं होतं.

"मास्तरीण झाली हो!" भाऊ म्हणाला. "उद्या म्हनंल, पान्यात बी इख हाय."

"मंग काय करू, उकिरड्यावर टाकू?" अण्णा म्हणाले. "अन्न हाय ते. लईच झालं तर म्हशीला घालू सगळी."

"म्हशीला पण नको. दुधात उतरतं."

अण्णांचा घास हातातच राहिला. "दुधात?" त्यांनी भाऊकडे बघितलं. "डेअरीवाल्यानं दूध परत केलं तर? उद्यापसून म्हशीला बंद ती. नुस्ता कडबा आन् डाळीची चुनी घाल."

भाऊनं मान हलवली. झालं. एका घासात म्हैस सुटली.

वहिनी माझ्यामागे भिंतीकडे तोंड करून पोरीला पाजत बसली होती. हळूच मला म्हणाली, "नशीबवान बाई, म्हैस."

ती गमतीनंच म्हणाली. मला मात्र हसू आलं नाही.

"आन् वहिनी?" मी म्हणाले. माझा एवढा चढलेला आवाज मीच कधी ऐकला नव्हता. "तिचं दूध कोन पितंय? ते डेअरीला जात न्हाई म्हनून चालतंय का?"

मायनं वहिनीसाठी झाकून ठेवलेली भाकर मी काढली आणि भाऊच्या ताटात, त्याच्या भाकरीशेजारी ठेवली. एक पांढरी, एक करडी. भाऊ नुसता बघत राहिला.

"गप बस," माय म्हणाली. "बापासमोर वरडायला शिकवायलेत का कालेजात?"

मी पुढच्या खोलीत गेले, कोठीचं झाकण उघडलं आणि तांब्या भरून शाळू काढली. माय मागोमाग आली.

"पाव्हण्यांची हाय ती."

"मंग पोरगी बी पाव्हणीच. आठ महिने झाले येऊन. कुनी विचारलं का तिला?"

मी मिक्सरमध्ये कण्या भरडत होते तेव्हा अण्णांचा आवाज आला. "घे म्हना तिला. कोन नको म्हनलंय?"

त्या दिवशी सगळ्यांत जास्त राग मला या वाक्याचा आला. खरंच, नको कोण म्हणालं होतं? कुणीच नाही. नको म्हणायची वेळच आमच्या घरात कुणावर येत नाही, कारण मागणारं कुणी नसतं.

आता वहिनी कोठीतली ज्वारी खाते. पोरीच्या कण्याही त्याच. भाऊ स्वतः काढून देतो, असं वहिनी फोनवर सांगते. पोरगी अजून रोडच आहे; बघू. म्हैस कडबा आणि चुनी खाते. पोती मात्र मागच्या खोलीत तशीच आहेत. माय ती टाकू देत नाही.

मी फोनवर तिला एकच विचारते. "माय, आज कोनती खाल्ली?"

"खाल्ली की."

"कोनती?"

मागे टबात पाणी ओतल्याचा आवाज येतो.

"घरची," ती म्हणते. "आता मी एकटीच हाय खायाला. तू नको काळजी करू, सरंल."