ठिपक्यांतला आकडा

मथुराला विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तपासणीचे कागद मात्र तिला तोंडपाठ झाले होते. तिचा शुभंकर विमान चालवायला शिकणार होता, आणि शिकाऊ वैमानिकाला आधी डॉक्टरचा दाखला लागतो. तो मिळाला की प्रवेश पक्का. भात झोडता झोडता तिचा हात मध्येच थांबे. पालीच्या बाजारावरून, कौलांवरून, तिच्या माहेरच्या विहिरीवरून एक विमान हळूहळू तरंगत जाताना तिला दिसे. शेजारची रेणुका ओरडे, "गो मथुरा, उतर आता खाली!"

मुंबईच्या डॉक्टरांनी रक्त, कान, छाती तपासली. पोरगा ठणठणीत! मग त्यांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. "ठिपक्यांत आकडा कुठला दिसतो?"

शुभंकर पुस्तकावर वाकला. पान उलटलं, तरी त्याला नुसते ठिपकेच दिसले. दाराजवळच्या बाकावरून मथुराला चौऱ्याहत्तर लख्ख दिसत होते. सांगावं का हळूच? तिनं पदर तोंडात कोंबला.

"लाल-हिरव्यात गल्लत होते याची," डॉक्टर म्हणाले. "घरात कधी लक्षात नाही आलं?"

कसं येणार हो? आढीत, म्हणजे पेंढ्यात पिकत घातलेल्या आंब्यांत, घरातली बाकीची माणसं रंग बघत बसायची. शुभंकर नाक खुपसून नेमका पिकलेला आंबा काढायचा. काय कौतुक त्याचं! पाहुणे आले की त्याला मुद्दाम आढीपाशी नेत. सगळं घरच खुळं, दुसरं काय.

"आईला स्वतःला नीट दिसत असलं, तरी हा दोष मुलाला बहुतेक आईकडूनच येतो," डॉक्टर सहज बोलून गेले. "रंगीत दिवे ओळखायची आणखी एक चाचणी असते. तिथंही अडलं तर वैमानिकाची नोकरी विसरा. हौसेसाठी, फक्त दिवसा उडवायची परवानगी कदाचित मिळेल. ते वरचे लोक ठरवतील."

हातखंब्याला एसटीतून उतरताच तिचा बांध फुटला. "माझ्यामुळं झालं रे बाबू. मीच दिलं तुला हे."

शुभंकरनं तिच्या हातातली पिशवी घेतली. "आई, वर आभाळ कसलं दिसतं?"

"निळं. आणखी कसलं दिसणार?"

"मलापण तेवढंच निळं दिसतं. डॉक्टरांना विचारून घेतलंय मी."

मथुरा किती तरी वेळ वर बघत राहिली. मग तिनं नाक पुसलं.

"दिवसाचं तर दिवसाचं उडणं," ती म्हणाली. "टाक त्या दुसऱ्या चाचणीचा अर्ज."