ओल्या हाताचा आकडा

माझ्या थोरल्या चुलतीवर, काकीवर, अन्याय झाला तो दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात, एका बुधवारी, दुपारी पावणेतीनला, आमच्या मोरीच्या उंबऱ्यात. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण मी तिथंच उभा होतो. अन्याय करणाऱ्यांत मीही होतो. ते पुढं येईलच.

तेव्हा मी साताऱ्यात एका संघटनेचं काम करायचो. काम म्हणजे पत्रकं लिहायची, छापायची, वाटायची. दुसरी लाट आली तसा गावी परतलो. पलूस तालुक्यात आमचं एकत्र घर, माणसं आठ. कर्ते थोरले चुलते. फौजेतून पेन्शनीत येऊन बारा वर्षं झाली होती, तरी जेवायला बोलावताना ते अजून ‘फॉलीन’ म्हणायचे आणि आम्ही मुकाट पाटावर बसायचो.

घरात पहिला कोरोना चुलत्यांनाच झाला. आरोग्य केंद्रात मोजला तर ऑक्सिजन पंचाण्णव आला आणि घर हादरलं. जीप निघाली, वडिलांनी ओळखीच्या सगळ्यांना फोन लावले, दोन तासांत सांगलीत खाट मिळाली. सहा दिवसांत चुलते घरी. गल्लीत फटाके वाजले, हारही पडला. दवाखान्यातून त्यांनी दोन गोष्टी आणल्या: एक ऑक्सिमीटर आणि अर्धी डॉक्टरकी.

मग रोज दुपारी हजेरी सुरू झाली. जेवण झालं की चुलते ते यंत्र चिमट्यासारखं स्वतःच्या बोटाला लावायचे, आकडा मोठ्यानं पुकारायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचे. मग माझे वडील, मग दोघं चुलतभाऊ, मग मी. जेवायला ज्या क्रमानं बसलो त्याच क्रमानं. कुणी ठरवलं नव्हतं. आमच्या घरात कुठलीही वस्तू फिरायला लागली की त्याच वाटेनं फिरते.

“सत्त्याण्णव! तुझं किती रं?”

“अठ्ठ्याण्णव, दादा.”

“गप. परत लाव.”

धाकट्या पोराचा आकडा बापापेक्षा जास्त, हे त्यांना पटायचं नाही. दोन मिनिटं डोळे मिटून लांब श्वास घ्यायचे, पुन्हा मोजायचे. बोट बदलून बघायचे. एकदा मधल्या बोटाला नव्याण्णव आलं तर दिवसभर ते बोट सांभाळून वागवत होते.

आमची ही स्पर्धा उरकेपर्यंत आई, वहिनी आणि काकी जेवून घ्यायच्या. मग आई आणि वहिनी मोजून मोकळ्या व्हायच्या. काकी सगळ्यांत शेवटी, कारण आठ माणसांची भांडी तिच्याकडं. ती मोरीतनं उठायची, हात झटकायची आणि बोट पुढं करायची. नळाच्या पाण्यानं गार पडलेलं, सुरकुतलेलं, राखेचा वास असलेलं बोट.

रविवारी तिचा आकडा ब्याण्णव आला.

“हात वला हाय तुझा,” चुलते म्हणाले.

सोमवारी एक्क्याण्णव. मंगळवारी नव्वद. बुधवारी अठ्ठ्याऐंशी. त्या बुधवारी मात्र चुलत्यांनी जरा वेळ यंत्राकडं बघितलं. मग माझ्याकडं वळले. “काय रं, तुझ्या पत्रकात काय लिवलंय?”

माझ्या पत्रकात लिहिलं होतं: ‘बोट ओले किंवा गार असल्यास यंत्र कमी आकडा दाखवते. घाबरून जाऊ नये.’ मी ते पाठ म्हणून दाखवलं. अभिमानानंच म्हटलं. गावात दोनशे घरांत ते वाटलं होतं.

“मग? मी काय म्हणतोय!” चुलते म्हणाले. काकी हसली. “मला मेलीला काय हुतंय,” म्हणाली आणि भिंतीला धरत आत गेली.

आता खरं सांगतो. मूळ मजकुरात पुढं आणखी एक ओळ होती: बोट कोरडं करून, चोळून ऊब आणा आणि पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. एका परिचारिकेनं मला ती मुद्दाम सांगितली होती. छापताना जागा पुरेना. खाली आमची घोषणा मोठ्या ठळक अक्षरांत यायची होती: ‘आरोग्य हा आमचा हक्क आहे!’ घोषणा लहान करायला मी तयार नव्हतो. मग ओळ काढली.

गुरुवारी सकाळी काकीच्या लेकीचा फलटणहून फोन आला. ती तिथं दिलेली. मायलेकींचं बोलणं चालू होतं आणि मी शेजारी बसून दुसरं पत्रक लिहीत होतो.

“आये, तू दर चार शब्दाला का थांबतीस?”

“कुठं... थांबतीय...”

“फोन दादांकडं दे.”

तिनं बापाला काय सुनावलं ते आम्हाला अर्धंच कळलं, पण चुलते फोनपासून कान लांब धरून उभे होते एवढं दिसलं. लेकीनं फोन चालू ठेवूनच काकीचे हात पुसायला लावले, पदरात गुंडाळायला लावले, पाच मिनिटं थांबवलं. माझी खोडलेली ओळ तिला फलटणमध्ये बसून ठाऊक होती. आकडा आला एक्क्याऐंशी.

मग जीप निघाली. चुलत्यांच्या वेळी दोन तासांत मिळालेली खाट या वेळी मिळेना. लाट शिगेला होती हे खरं. फोन करण्याचा उत्साहही निम्माच होता, हेही खरं. “लय जणांकडं एकदा शब्द टाकून झालाय,” वडील म्हणाले. दोन दवाखान्यांनी दारातूनच परत पाठवलं. संध्याकाळी सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात जागा झाली.

चुलत्यांनी घरातून निघताना कॅलेंडर गुंडाळून काखेत घेतलं होतं. नोंदी पक्क्या असल्या की डॉक्टर खूश होतात, असा त्यांचा समज. डॉक्टर तरुण होता, डोळे तारवटलेले, अंगात तो पांढरा प्लास्टिकचा डगला.

“किती दिवसांपासून कमी आहे?”

चुलत्यांनी कॅलेंडर टेबलावर उलगडलं. डॉक्टरनं बोट फिरवलं. “हे छान ठेवलंय. यात यांचा आकडा कुठला?”

“ह्यो खाली.”

“इथं तर ओ. हा. लिहिलंय. ओ. हा. म्हणजे?”

“ओला हात.”

डॉक्टरनं चारही चौकोन बघितले. “सलग चार दिवस?”

“आवं डॉक्टरसाहेब, भांडी रोजचीच असत्यात की.”

डॉक्टर हसला नाही, चिडलाही नाही. त्यानं रक्त घ्यायला सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा बाहेर आला. “यांना शुगर आहे. भरपूर आहे. किती वर्षांपासून?”

“शुगर मला हाय,” चुलते जवळजवळ रागावून म्हणाले. “तिला कशी आसंल?”

जणू घरात एकच होती आणि ती त्यांच्या मालकीची होती. नऊ वर्षं काकीनं त्यांची भाकरी मोजून, बिनसाखरेचा चहा वेगळा करून, गोळ्या वेळेवर हातात देऊन ती शुगर सांभाळली. दर तीन महिन्यांनी त्यांना तपासणीला घेऊन जायची आणि पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बाकड्यावर बसायची. तपासणीच्या खोलीपासून दहा पावलांवर नऊ वर्षं बसलेल्या बाईच्या रक्ताचा थेंब कुणी बघितला नाही. तीही म्हणाली नाही. म्हणाली असती तरी आम्ही काय केलं असतं, याची मला खात्री नाही. खोटं कशाला बोलू.

डॉक्टरनं आम्हाला सरळ सांगितलं. वय आहे, साखर आहे, पण सगळ्यांत वाईट म्हणजे ऑक्सिजन इतका उतरल्यावर आणलंत. रविवारी आणलं असतं तर गोष्ट वेगळी असती. वाचवलं असतं असं तो म्हणाला नाही. गोष्ट वेगळी असती, एवढंच. तिला पालथं झोपवलं, मास्क लावला. नवव्या दिवशी ती गेली.

गावात तज्ज्ञांची कमतरता नसते. कुणी म्हणालं, लस घ्यायला भीत होती. कुणी म्हणालं, अंगात रगतच नव्हतं. पारावर एकानं मला समजावलं, “गड्या, बाईमाणूस मनानं हाय खातंय. तुझा चुलता बघ, फौजी गडी, रोगाला पळवून लावला!” फौजी गडी पंचाण्णववर दाखल झाला होता आणि त्याची बायको एक्क्याऐंशीवर, हा हिशोब पारावर कुणी केला नाही.

महिन्याभरानं आरोग्य खात्याचा एक कर्मचारी फॉर्म घेऊन आला. गेलेल्यांची माहिती भरायची होती. चुलते खुर्चीत ताठ बसून सांगत होते.

“दाखल करायला उशीर झाला का?”

“झाला.”

“कारण?”

“तिनं काय सांगितलंच न्हाई.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला कळायला लागल्यापासून थोरल्या दिरासमोर ती मान वर करून बोललेली मी पाहिली नव्हती. “सांगितलं हुतं,” ती म्हणाली. “सोमवारी. माडीवर धान्य आणाया गेल्या तवा. जिन्यात बसल्या आन् म्हणल्या, दम लागतुया. तुमीच म्हणला, वय झालं आता तुझं.”

“ते चेष्टेत म्हणलो मी.”

“व्हय. पर त्यांनी चेष्टेत न्हवतं सांगितलं.”

कर्मचाऱ्यानं पेन थांबवलं. “काय लिहू मग?”

“घरच्यांनी ऐकलं नाही, असं लिहा,” मी म्हणालो.

“तसा पर्याय न्हाई ह्यात. रुग्णाने लक्षणे सांगितली नाहीत, वाहन मिळाले नाही, खाट मिळाली नाही. तिन्हीतलं एक सांगा.”

मी भांडलो. फॉर्म कुणी बनवला, वरचा साहेब कोण, सगळं विचारलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिल्या चौकोनात खूण केली. उन्हातनं आला होता, अजून अकरा घरं करायची होती. चुलत्यांनी खाली सही केली. सही सुंदर आहे त्यांची.

तर सरकारदरबारी माझी काकी स्वतःच्या चुकीनं मेली. तो कागद मला बदलता आला नाही. दोनदा अर्ज दिले, पोच मिळाली, उत्तर आलं नाही.

म्हणून तुम्हाला विचारतो. तुम्ही वाचताय म्हणजे निवांत आहात. तुमच्या घरात जी बाई सगळ्यांच्या मागून जेवते, आई असेल, बायको असेल, भावजय असेल, तिच्या रक्तात साखर किती आहे? रक्तदाब किती? गेल्या महिन्यात तिनं काय दुखतंय म्हणून सांगितलं होतं, आणि तुम्ही काय उत्तर दिलंत? माहीत नसेल तर मला पत्र लिहून हळहळ कळवू नका. उद्या सकाळी तिला उपाशीपोटी तालुक्याच्या दवाखान्यात न्या, तिच्या नावाचा केसपेपर काढा आणि डॉक्टर विचारतील तेव्हा तुम्ही गप्प राहा. तिला बोलू द्या.