बुऱ्हाणपूरला सिनेमाचं चूलबंद आवतन

पुण्यात सध्या कोणालाही विचारा, "तो नवा मराठी सिनेमा पाहिलास का?" उत्तर ठरलेलं असतं. "ओटीटीवर येईलच की." सिनेमा दोन बहिणींचा आहे, बोलबाला चांगला आहे, पण मल्टिप्लेक्सवाल्यांनी त्याला शो दिला सकाळी दहाचा, सगळं गाव ऑफिसात असताना. बाकी दिवसभर दक्षिणेतले डब केलेले मारधाडपट, नाहीतर पुन्हा झळकलेले जुने हिंदी सिनेमे. पॉपकॉर्न तिकिटापेक्षा महाग. माझं हे रडगाणं नलूमावशीनं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्याकडे रविवारी लागतोय. ये."

आमच्याकडे म्हणजे बुऱ्हाणपूर, मध्य प्रदेश. तिथे मराठी सिनेमा बघायचा तर लोक गाडी काढून जळगाव गाठतात. तिथे सिनेमा लागतोय आणि मी पुण्यात हात चोळत बसू? छे. शुक्रवारचीच गाडी पकडली.

तुम्हाला जायचं असेल तर सांगते. पुण्याहून बुऱ्हाणपूरला थेट गाड्या आहेत, पण मी मुद्दाम भुसावळला उतरते आणि पुढे बस धरते. तिकीट फार नाही आणि रस्ता बघण्यासारखा. मुक्ताईनगर मागे पडलं की दोन्ही बाजूंना केळीच केळी. इच्छापूरपाशी राज्य बदलतं, पाट्या हिंदी होतात, केळी तीच राहते. तिथल्या देवीच्या डोंगराला बसमधूनच हात जोडले. शेजारच्या आजींनी विचारलं, "कुठी चालली व माय?"

"बुऱ्हाणपूरला. सिनेमा बघायला."

"पुण्याहून? सिनेमाले?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग गंभीरपणे म्हणाल्या, "आमालेबी आवतन आहे."

आवतन? सिनेमाचं? उलगडा मावशीच्या घरी झाला. थेटरचे मालक सेठ तसे सज्जन, पण धंदेवाईक. त्यांनी मावशीला एकच शो दिला होता, रविवारी अकराचा. हॉल भरला तर दर महिन्याला एक मराठी सिनेमा. नाही भरला तर हा विषय कायमचा बंद. मावशी निवृत्त शिक्षिका. सेठच्या दारात ती दोन वर्षं खेटे घालत होती. आता तिची सगळी अब्रू त्या एका शोवर टांगलेली.

"व्हॉट्सॅपवर टाकलंस ना?" मी विचारलं.

"त्यावर लोक अंगठा दाखवतात आणि घरी बसतात," मावशी म्हणाली. "मी चूलबंद आवतन दिलंय."

चूलबंद म्हणजे लग्नाचं खास बोलावणं. दारात जाऊन, कुंकू लावून, अक्षता हातात द्यायच्या आणि सांगायचं, त्या दिवशी तुमच्याकडे चूल पेटवायची नाही, सगळ्या घरानं यायचं. मावशीनं गल्लोगल्ली, पार इच्छापुरापर्यंत असं आवतन दिलं होतं. तिकीट मात्र ज्याचं त्यानं काढायचं, हेही ठणकावून. ही युक्ती माझ्या आजोबांची. प्रांतांची जुळवाजुळव चालू होती, आपलं गाव कुठल्या राज्यात पडणार याचा पत्ता नव्हता, तेव्हा तंबूत मराठी बोलपट आला की ते असेच अक्षता घेऊन हिंडायचे. ऐकून माझी छाती फुगली.

शनिवारी मावशीला चैन पडेना, म्हणून तिला असीरगडला घेऊन गेले. गावातून तासाभराचा रस्ता. पाणी सोबत ठेवा, वर मिळेलच असं नाही. वरून सगळं रान हिरवंगार दिसतं, पण मावशी तटावर बसून एकच म्हणत होती, "रविवारी केळीची कापणी निघाली तर कोणी यायचं नाही गं." परतताना तिला मांडे खाऊ घातले. मांडा म्हणजे रुमालासारखी पातळ, भलीमोठी पोळी, उलट्या कढईवर भाजलेली. शिवाय मावा जिलेबी. बुऱ्हाणपूरला जाऊन ही न खाता परतणाऱ्यानं माझ्याशी बोलू नये.

रविवारी अकरा वाजता हॉलमध्ये आम्ही दोघी, दोन कॉलेजकन्यका आणि एक गृहस्थ, ते पंख्याखाली झोपायला आले असावेत. कन्यका पोस्टरसमोर रील करत होत्या. हल्ली निम्मा सिनेमा बाहेरच उरकतो.

सव्वाअकराला सेठ आले. "मास्टरनीजी, अब क्या करें? साउथवाली लगा दूँ?"

मावशीचा चेहरा उतरला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिली. आणि मग एकदम कपाळावर हात मारून घेतला. "मीच चुकले. लग्नाचं आवतन दिलं ना मी? मग लोक लग्नासारखेच येतील."

पत्रिकेत अकराचा मुहूर्त असला की माणसं बारा वाजता दिसायला लागतात, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. वेळेवर जाणारा भुकेला वाटतो.

"सेठ," मावशी म्हणाली, "तुमच्या मुलाची वरात किती वाजता पोचली होती?"

सेठना हसू आवरेना. "शाम की बारात थी, आधी रात को पहुँची."

"मग थांबा की थोडं."

सेठ थांबले. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. पाऊण तास रस्त्यावर फक्त रिक्षा. आणि मग आल्या, जरीच्या साड्या नेसलेल्या बाया, कडक इस्त्रीचे सदरे, कडेवर पोरं. इच्छापूरहून तर ट्रॅक्टरची ट्रॉली भरून आली. बसमधल्या आजी त्यात पुढेच, हातात नारळ आणि खण. त्यांनी ते दोन्ही थेट सेठच्या हातात ठेवलं. "आहेर कोनाले द्याचा ते ठाव नव्हतं," म्हणाल्या. सेठनी तो नारळ पडद्याखाली स्वतः फोडला.

खुर्च्या संपल्या. ऑफिसातली बाकडी आली. सिनेमात मोठी बहीण निघून जाते तिथे सगळा हॉल मुसमुसत होता, आणि दर वाक्याला मागून कोणीतरी "बराबर बोलली" म्हणत होतं. एरवी मी अशांना गप्प करते. त्या दिवशी मी शेजारणीचा हात धरून रडले. सीमेच्या पलीकडे राहून ही माणसं आपल्या भाषेसाठी नटूनथटून येतात, आणि ही माझी माणसं आहेत, याचा मला इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही.

बाहेर पडताना सेठ म्हणाले, "अगले महीने कौनसी लगाऊँ, मास्टरनीजी?" मावशी मास्तरणीच्या थाटात म्हणाली, "विचार करून सांगते." आणि कोपऱ्यावर वळल्यावर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली.

पुण्यात परतून बॅग उघडली. दराबा या तिथल्या मिठाईच्या डब्याखाली, पोरांपासून फराळ लपवावा तशी लपवलेली, अक्षतांची पुडी होती. मावशीला फोन लावला तर म्हणाली, "तुमच्याकडे दहाचा शो आहे ना अजून? मग शनिवारचा सांग. नऊचा म्हणून सांग."

आमच्या मजल्यावर चार दारं आहेत. समोरच्यांशी गेल्या कित्येक वर्षांत लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे बोलणं झालेलं नाही. मी कुंकवाची कुयरी घेतली, पुडी सोडली आणि त्यांची बेल वाजवली.